आतला रंग आत, बाहेरचा बाहेर (उरलेल्या डब्याचं काय करायचं तेही सांगतो)

दुकानात दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, "बेडरूमचा अर्धा डबा उरलाय, मागच्या भिंतीला मारला तर चालेल ना?" मारता येईल हो, पण कोकणातल्या एका पावसात त्या भिंतीचं काय होतं ते आम्ही बघितलंय, म्हणून हे लिहून ठेवतोय.

दोन्ही इमल्शनच, दोन्ही पाण्यात कालवायचे, बादल्याही सारख्याच दिसतात, फरक आतल्या मालात. बाहेरच्या रंगातलं अ‍ॅक्रेलिक (रंग भिंतीला धरून ठेवणारा चिकट माल) जास्त लवचिक असतं कारण भिंत दुपारी तापते, रात्री गार होते, सारखी ताणते-आकसते आणि रंगाला तिच्याबरोबर हलावं लागतं, शिवाय त्यात शेवाळ आणि बुरशी मारणारी औषधं जास्त असतात. आतल्या रंगाला ऊनपाऊस माहीतच नाही, त्याचं काम वेगळं, पोरांनी पेन्सिलीने रेघोट्या मारल्या की ओल्या फडक्याने पुसता आल्या पाहिजेत, वास कमी हवा आणि हात फिरवला की गुळगुळीत लागलं पाहिजे. म्हणून आतला बाहेर मारला तर पोपडे आणि काळे डाग, आणि बाहेरचा बंद खोलीत मारला तर ती औषधं झोपायच्या जागी कशाला हवीत?

पडवी, बाल्कनी, जिथे पावसाचे शिंतोडे येतात ते सगळं बाहेरचंच धरा. बाथरूमचं छत मात्र आतलं, पण बुरशी न धरणारा रंग मागा.

पुट्टीतही, म्हणजे रंगाआधी भिंत सपाट करायला लावतात त्या लेपातही, हाच घोळ होतो. अ‍ॅक्रेलिक पुट्टी आणि पीओपी बाहेर अजिबात नको, ओल लागली की फुगून निघतात. बाहेर पुट्टी लागलीच तर व्हाइट सिमेंटची.

शेडबद्दल एक, ऐका किंवा नका ऐकू. भडक लाल-पिवळे शेड उन्हात लवकर विटतात, मग पेंटरला बोल लावतात बिचाऱ्याला. गेरूसारखे विटकरी, मातकट रंग लोहाच्या ऑक्साइडचे असतात, ते उन्हाला दाद देत नाहीत.

आता मुख्य भांडण, गणपती. श्रावणात सगळ्यांनाच घराला रंग काढायचा, म्हणजे लावायचा असतो. आतून काढा, पंखे लावून खोल्या सुकवा, ओल फुटलेली भिंत तेवढी सोडा. बाहेरून मात्र दसरा होऊ द्या, पाऊस गेला की तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडा, ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा, भिंत नीट सुकली की प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि मग रंगाचे दोन हात. नवा गिलावा असेल तर निदान 28 दिवस थांबा. ओल्या भिंतीवर कितीही महागडा रंग मारा, आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर येणारच, तिथे आमचाही इलाज नाही.

आणि तो उरलेला अर्धा डबा? झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, कपाटामागची भिंत, माळा, टचअप, तिथे उपयोगी पडेल. वास आंबूस येत असेल तर टाकून द्या.

येताना भिंतीची लांबी-उंची फुटात मोजून आणा आणि मोबाईलवर भिंतीचा जवळून एक फोटो, बाकी हिशोब आम्ही करतो.