पार्श्वभूमी : सिग्नल प्रोसेसिंगच्या संशोधन गटात सदस्य कुणाला म्हणायचं?

मुंबईतल्या विद्युत अभियांत्रिकीच्या संशोधन गटांमध्ये सदस्य कोण, हा प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुन्हा पुन्हा वर येतो आणि दर वेळी अर्धवट मिटतो. गटाच्या यादीत प्राध्यापक असतात, पीएचडी करणारे असतात, एमटेकची मुलं असतात. प्रकल्पाच्या पैशांतून नेमलेली माणसं कधी असतात, कधी ‘माजी’ या मथळ्याखाली सरकवली जातात आणि बऱ्याचदा कुठेच नसतात. बाहेरच्या माणसाला ही कार्यालयीन बाब वाटेल. पण मराठीत बोललेलं यंत्राला कळावं म्हणून या शहरात जे काम झालं, त्यातला मोठा वाटा या यादीबाहेरच्या माणसांनी उचललेला आहे. म्हणून हा वाद कसा उभा राहिला ते मांडायला हवं.

मुंबईत ‘इलेक्ट्रिकल’ म्हणजे फार काळ जड प्रवाहाचं काम. १९०७ साली विजेची ट्राम आली, १९१५ मध्ये खोपोलीहून वीज येऊ लागली, ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली. १८८७ मध्ये भायखळ्यात सुरू झालेलं आणि १९२३ मध्ये माटुंग्याला गेलेलं तंत्रशिक्षणाचं कॉलेज गिरण्यांना, कारखान्यांना आणि वीज कंपन्यांना लागणारी माणसं तयार करत होतं. स्वातंत्र्यानंतर कुलाब्याच्या मूलभूत संशोधन संस्थेत व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा संगणक घडला. १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर पवईची संस्था, म्हणजे आयआयटी, सुरू झाली आणि तिथला पहिला संगणकही सोव्हिएत ‘मिन्स्क’ होता. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी फूरिये रूपांतर, म्हणजे सिग्नलमधल्या निरनिराळ्या कंप्रता वेगळ्या करण्याचं गणित, झटपट काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे आवाज, चित्रं अशा संकेतांवर प्रक्रिया करणं, हा कागदावरच्या गणिताबरोबरच संगणकावर प्रत्यक्ष करून बघायचा विषय झाला. ऐंशीच्या दशकात त्यासाठी खास बनवलेल्या डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) चिप बाजारात आल्या आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर हे काम करता येऊ लागलं. या साऱ्या काळात प्रयोगशाळा ओळखली जायची ती प्राध्यापकाच्या नावाने. सदस्यांची यादी ठेवायची वेळ फारशी आलीच नाही.

ती वेळ आणली पदव्युत्तर शिक्षणाच्या विस्ताराने. पवईत एमटेकच्या शाखा आकड्यांनी ओळखल्या जातात. कम्युनिकेशन आणि सिग्नल प्रोसेसिंग ‘ईई वन’, कंट्रोल ‘ईई टू’, पॉवर ‘ईई थ्री’. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत हाच विषय ‘एक्स्टीसी’कडे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन शाखेकडे, गेला आणि तिथल्या मुलांना तो डीटीएसपीच्या (डिस्क्रीट टाइम सिग्नल प्रोसेसिंग) पेपरमुळे माहीत झाला. पवईत शाखेच्या आत आणखी कप्पे आहेत. ‘टीए’ (टीचिंग असिस्टंट) म्हणून आलेला दोन वर्षांत बाहेर पडतो. ‘आरए’ (रिसर्च असिस्टंट) म्हणून आलेला तीन वर्षं राहतो आणि त्याबदल्यात प्रयोगशाळा सांभाळतो : सर्व्हर, यंत्रं, बीटेकच्या मुलांची प्रॅक्टिकल्स. शेवटी ‘पी’ लागला, म्हणजे ‘टीएपी’ किंवा ‘आरएपी’ झाला, की पैसे प्रकल्पातून येतात. हे सगळे विद्यार्थी. सगळ्यांना रोल नंबर आहे.

त्यांच्याच शेजारी बसणारा प्रोजेक्ट असिस्टंट किंवा प्रोजेक्ट इंजिनियर मात्र विद्यार्थी नाही आणि कायम नोकरीतही नाही. त्याची नेमणूक मुदतीची, प्रकल्पाचे पैसे येतील तशी वाढवली जाणारी. हॉस्टेल विद्यार्थ्यांसाठी, त्यामुळे हा कांजूर, भांडुप किंवा विक्रोळीला जागा घेऊन राहतो आणि शेअर रिक्षाने गेटपर्यंत येतो. प्रयोगशाळेतल्या रोजच्या कामात दोघांमध्ये फरक दिसत नाही. फरक कळतो तो यादीत.

हा फरक सर्वात ठळक झाला तो यंत्राला बोललेलं कळण्याच्या कामात. २०१० च्या आसपास केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान खात्याच्या पैशांतून सहा भाषांचा एक मोठा संयुक्त प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्याने फोन करावा, शेतमालाचं आणि बाजाराचं नाव बोलावं आणि यंत्राने त्याला बाजारभाव सांगावा, अशी कल्पना होती. मराठीचा भाग मुंबईकडे आला. त्यासाठी राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज फोनवरून गोळा केले गेले.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहिल्याशिवाय पुढचा वाद समजत नाही. फोनवरचा आवाज सेकंदाला ८,००० नमुन्यांचा, घुसमटलेला. ऐकणारा हेडफोन लावून काही सेकंदांचा एक तुकडा ऐकतो, लिहितो, पुन्हा ऐकतो. मागे ट्रॅक्टर चालू असतो, मध्येच खोकला येतो, शेजारचा कुणी बोलतो. या प्रत्येक आवाजाला वेगळी खूण द्यायची असते. तिथून खरे प्रश्न सुरू होतात. विदर्भातला माणूस कपाशीला पऱ्हाटी म्हणाला, तर शब्दसूचीत ती वेगळी नोंद धरायची का? ‘न्हाई’ ऐकू आलं तर ‘न्हाई’ लिहायचं की ‘नाही’ लिहून उच्चार शेजारी नोंदवायचा? ‘पावणेतेराशे’ हा एक शब्द धरायचा की ‘पावणे’ आणि ‘तेराशे’ असे दोन? एक धरला तर सव्वा, साडे आणि पावणे लागून होणारी प्रत्येक संख्या सूचीत घालावी लागते. दोन धरले तर बोलणाऱ्याने दोन्ही एका दमात जोडून म्हटल्यावर यंत्र अडखळतं.

उच्चारकोशाची, म्हणजे कुठल्या शब्दाचा उच्चार काय हे यंत्राला सांगणाऱ्या यादीची, गोष्ट याहून नाजूक. ‘चूल’मधला च आणि ‘चिमणी’मधला च वेगळा. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि पाण्याचा ‘जग’ लिहायला एकच, बोलायला दोन. लिपी हे सांगत नाही. ते मराठी येणाऱ्या माणसानेच बसून, शब्दाशब्दाला ठरवावं लागतं. पीएचडीला येणारी मुलं देशभरातून येतात, अनेक मार्गदर्शकांची भाषाही मराठी नसते. त्यामुळे हे ठरवण्याची जबाबदारी बहुतेक वेळा प्रकल्पावर नेमलेल्या मराठी माणसांवर पडली. कुणी एक्स्टीसी करून नोकरी शोधत असलेला, कुणी भाषाशास्त्रात एमए झालेली. गणिताचं प्रारूप कितीही चांगलं असलं तरी ते शिकतं या निर्णयांवरून. ही माणसं केवळ टायपिंग करत होती, असं म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही.

आता ज्यावरून वाद आहे तो निर्णय. अनेक गटांनी यादीसाठी एक साधा निकष धरला : ज्याला रोल नंबर आहे तो सदस्य. या निकषाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे अगदीच पोकळ नाहीत. प्रकल्पातली माणसं लवकर बदलतात, यादी अद्ययावत ठेवणं जिकिरीचं होतं. सदस्य म्हणून नाव लागलं की पुढे कुणी कायम नोकरीवर हक्क सांगेल, अशी धास्ती प्रशासनाला असते. आणि गट हा मुळात शिकण्या-शिकवण्याचा आहे, म्हणून त्यात शिकणारे आणि शिकवणारेच असावेत, असंही म्हटलं जातं.

पण पहिला मुद्दा पाहा. टीए म्हणून आलेला एमटेकचा विद्यार्थी दोन वर्षांत जातो आणि त्यातला जेमतेम निम्मा वेळ तो प्रयोगशाळेत असतो. त्याचं नाव लागतं, नंतर माजी विद्यार्थ्यांत कायमचं राहतं. मुदतवाढ घेत घेत चार वर्षं बसलेल्या असिस्टंटचं लागत नाही. अस्थिरता हेच कारण असतं तर यादी याच्या नेमकी उलटी व्हायला हवी होती. दुसऱ्या मुद्द्याला उत्तर सोपं आहे : नावापुढे पद आणि कालावधी लिहिला की हक्काचा गोंधळ उरत नाही. नेमणुकीच्या पत्रात तो तसाही लिहिलेला असतो.

तिसऱ्या मुद्द्यामागे एक मोठी यंत्रणा आहे. २०१६ पासून केंद्राची शिक्षणसंस्थांची क्रमवारी निघू लागली. तिच्यात पूर्णवेळ पीएचडी विद्यार्थी मोजले जातात, दर वर्षी पीएचडी होणारे मोजले जातात, प्रायोजित संशोधनाची रक्कम मोजली जाते. ती रक्कम ज्यांच्या श्रमांवर खर्ची पडते त्या प्रकल्प-कर्मचाऱ्यांसाठी तिथे रकाना नाही. संस्थेचं कार्यालय जे आकडे मागतं तेच विभाग गोळा करतो आणि विभाग जे गोळा करतो तेच गटाच्या यादीत उतरतं. कुणी आकसाने कुणाचं नाव गाळलं, असं सहसा घडलेलं नसतं. रकाना नसल्यामुळे माणूस गळतो, आणि म्हणूनच तक्रार कुणाकडे करायची हेही कळत नाही.

शोधनिबंधांतही हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने घडते. विद्युत अभियांत्रिकीच्या प्रमुख आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार लेखक ठरण्यासाठी तीन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात : महत्त्वाचं बौद्धिक योगदान, लेखनात किंवा दुरुस्तीत सहभाग, आणि अंतिम मसुद्याला संमती. बौद्धिक योगदानात प्रयोगाची आखणी येते, आकड्यांचं विश्लेषण येतं. नुसतं सामग्री गोळा करणं येत नाही. उच्चारकोश ठरवणं यातलं कशात बसतं? माझ्या मते ते सरळसरळ आखणीत बसतं. पण मसुदा ज्याला कधी वाचायलाच दिला गेला नाही, तो दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीवर आपोआप बाद होतो. मग शेवटच्या परिच्छेदात ‘प्रकल्पातील सहकाऱ्यांचे आभार’ येतात, बहुतेकदा नावांशिवाय. पुढे पीएचडीला अर्ज करताना त्या माणसाकडे दाखवायला काहीच नसतं.

पैशांची गोष्ट याच काळात तापली. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०१४ मध्ये महिना २५,००० रुपये झाली. नंतर चार वर्षं वाढ नाही म्हणून देशभरचे संशोधक रस्त्यावर आले आणि जानेवारी २०१९ पासून ती ३१,००० झाली, ज्येष्ठांची ३५,०००. त्याआधीच, २०१८ मध्ये, पंतप्रधानांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली होती, तिच्यात पहिल्या दोन वर्षांना महिना ७०,००० रुपये. एकाच मार्गदर्शकाकडे, शेजारच्या खुर्चीवर बसून दुप्पट पैसे, अशी स्थिती आली. सप्टेंबर २०१९ मध्ये आयआयटींच्या केंद्रीय परिषदेने एमटेकचं शुल्क वाढवण्याचा आणि १२,४०० रुपयांचं विद्यावेतन बंद करण्याचा निर्णय घेतला. मुलं संतापली, तेव्हा आधीच शिकत असलेल्यांना तो लागू नाही असा खुलासा करावा लागला. २०२३ मध्ये शिष्यवृत्ती ३७,००० आणि ४२,००० वर गेली. या प्रत्येक आंदोलनात शिष्यवृत्ती मिळणारे पुढे होते. प्रकल्पावर ठोक मानधन घेणारे बाजूला उभे राहून पाहत होते, कारण त्यांचा आकडा दर प्रकल्पाच्या मंजुरीपत्राप्रमाणे वेगळा असतो आणि वाढ जाहीर झाली तरी जुन्या मंजुरीत ती बसेलच असं नाही.

मुंबई विद्यापीठाच्या बाजूला वाद वेगळ्या रूपाने आहे. तिथे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम चालतात : प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ पीएचडी विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायकाकडे चार. मान्यताप्राप्त गाईड मिळणंच जिथे मुश्कील, तिथे संशोधन गट म्हणजे बहुतेकदा एक गाईड आणि नोकरी करून संध्याकाळी येणारे, स्वतः कुठल्यातरी कॉलेजात शिकवणारे काही जण. त्यांच्याकडे नोंदणी असते, पण बसायला टेबल नसतं. पवईत टेबल आहे आणि नोंदणी नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे, तरी या दोन गटांनी एकत्र येऊन तो मांडल्याचं दिसत नाही.

२०१२ नंतर डीप लर्निंगने, म्हणजे प्रचंड उदाहरणांवरून यंत्राला शिकवण्याच्या रीतीने, विषयाचा तोंडवळा बदलला आणि खुणा करून दिलेल्या सामग्रीची भूक कितीतरी पटींनी वाढली. जुलै २०२२ मध्ये केंद्राची ‘भाषिणी’ योजना सुरू झाली, तिच्यातही भारतीय भाषांचे आवाज गोळा करणं हा मोठा भाग आहे. काम वाढलं तसं ते प्रयोगशाळेबाहेरही गेलं. आता ऐकून लिहिणारे कधी प्रकल्पावर असतात, कधी एखाद्या कंत्राटदाराकडे तुकड्यामागे पैसे घेतात. ते तर गटाच्या वादातही येत नाहीत.

याच क्षेत्रातल्या काही संशोधकांनी २०१८ मध्ये सामग्रीसोबत माहितीपत्रक जोडण्याचा एक नमुना मांडला. सामग्री गोळा करण्यात कोण कोण होतं आणि त्यांना मोबदला काय दिला, असा थेट प्रश्न त्यात आहे. मुंबईतल्या गटांना वेगळी समिती न नेमता उद्यापासून वापरता येईल अशी ही सोय आहे. आवाजांचा नवा संग्रह खुला करताना हे पत्रक नावांसह भरायचं आणि यादीतला रोल नंबरचा निकष काढून तिथे पद आणि कालावधी लिहायचा. जुन्या संग्रहांसाठीही हे अजून करता येतं. नेमणुकीची पत्रं आणि हजेरीपटांतून नावं काढता येतील, आणि कुठल्या तुकड्यावर कुणी खुणा केल्या याची नोंद बहुतेकदा फाइलींतच असते.