तान्ह्या बाळाचं हृदयाचं ऑपरेशन फुले योजनेतून: कागद कुठे अडतात

टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘कोआर्क्टेशन’ आलं म्हणजे हृदयातून निघणारी महारोहिणी एका जागी आवळलेली आहे. जन्मानंतर काही दिवसांत डक्टस ही जोडनळी मिटते, आणि तोवर बरं दिसणारं बाळ एकाएकी दूध सोडतं, धापा टाकतं, पाय गार पडतात. अशा वेळी कागद जमवायला महिना मिळत नाही.

ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून, म्हणजे सरकारी खर्चाने होऊ शकतं. पात्रतेचं फार काही नाही. रेशनकार्ड हवं, पांढरंही आता चालतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय मात्र नीट विचारा: योजनेत असून तिथे लहान मुलांची हृदयशस्त्रक्रिया नसेल, तर अर्धा दिवस आणि गाडीभाडं वाया. आधी १५५३८८ वर फोन करा.

खरी अडचण जन्मदाखल्याची. एक आजोबा नांदेडहून तीन बस बदलून आले, पिशवीत सगळं, दाखला तेवढा नाही. का, तर बारसं व्हायचंय! अहो, नावाचा रकाना कोरा ठेवूनही दाखला मिळतो, नाव मागाहून घालता येतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दाखला जन्म झाला तिथलाच मिळतो. बाळंतपण माहेरी झालं तर माहेरचा. बीडकडचं ऊसतोडीचं कुटुंब असेल आणि बाळ फडावर झालं, तर त्या गावचा. आपला ग्रामसेवक हात वर करतो, पण नियमाने तो बरोबर असतो. २१ दिवसांत नोंद करा. ३० दिवस उलटले की वरच्या परवानग्या सुरू.

दुसरा घोळ आईच्या नावाचा. दवाखान्याच्या फाइलवर ‘बेबी ऑफ’ पुढे माहेरचं नाव, आधारवर सासरचं, रेशनकार्डावर तर नावच नाही. भरती करतानाच आधारवरचं नाव सांगा. आई कार्डावर नसली तर वडिलांचं धरा. बाळाचं नाव चढवायला तहसीलला पळू नका: जन्मदाखला, आईवडिलांपैकी एकाचं नाव असलेलं रेशनकार्ड, त्यांचं ओळखपत्र आणि बाळाला घेऊन काढलेला त्यांचा फोटो, एवढं रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाकडे, आरोग्यमित्राकडे, द्या. बाळ अत्यवस्थ असेल तर रुग्णालय फोनवरून मंजुरी घेऊ शकतं, कागद नंतर. काउंटरवर ‘उद्या या’ ऐकलं तरी हे सांगायला लाजू नका.

अंगणवाडीत तपासणी पथक वर्षातून दोनदा येतं, त्याची वाट पाहू नका. आशाताईंना घेऊन थेट जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांचे आजार लवकर हेरणाऱ्या केंद्रात, जा.

फुले योजनेच्या यादीबाहेरच्या रुग्णालयात जावंच लागलं तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. त्याला तहसीलदारांचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्न दाखला आणि खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. खासगी रुग्णालय असेल तर त्यावर सिव्हिल सर्जनची सही. अर्ज ऑपरेशनच्या आधी करा. फुले योजनेतही आधी रोख भरून मग बिल दाखवलं तर पैसे परत मिळत नाहीत.

सुट्टी होताना परतीचं भाडं योजनेतूनच मिळतं. मागून घ्या, आपणहून कुणी देत नाही.