चिकटवलेली लव आणि विणलेली लव: हवा भरायच्या मऊ खेळण्यांचे दोन प्रकार

हवा भरायच्या एका गादीला मी एकदा ठिगळ लावलं. गादीची वरची बाजू मखमली होती, हात फिरवला की छान वाटणारी, आणि भोक नेमकं त्याच बाजूला. गोंद लावला, ठिगळ दाबलं, रात्रभर वर वजन ठेवलं. सकाळी ठिगळ अलगद हातात आलं. त्याच्या पाठीवर गादीची सगळी लव जशीच्या तशी चिकटून आली होती. गोंदाची काही चूक नव्हती, त्यानं जे समोर आलं ते घट्ट धरलं. समोर आली होती लव, गादी तिच्या खाली होती.

हवा भरायची जी खेळणी हाताला मऊ, केसाळ लागतात, म्हणजे ससे, अस्वलं, चेंडू वगैरे, त्या सगळ्यांना आपण सरसकट मखमली म्हणतो. पण ती बनतात दोन अगदी वेगळ्या रीतींनी. एका रीतीत रबराच्या किंवा विनाइल या मऊ प्लास्टिकच्या अंगावरच बारीक धागे गोंदानं उभे चिकटवतात. याला फ्लॉकिंग म्हणतात. दुसऱ्या रीतीत आत साधा फुगा किंवा ब्लॅडर, म्हणजे हवा धरणारी पिशवी, असतो आणि वर लवदार कापडाचा, म्हणजे प्लशचा, अंगरखा शिवलेला असतो. दुकानात दोन्ही शेजारीशेजारी ठेवले तर फरक चटकन कळत नाही. आत हवा भरायला लागलं की कळतो.

आधी फ्लॉकिंग, कारण खरी गंमत तिथे आहे. त्यातले धागे फार आखूड असतात, बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरपासून दोन-तीन मिलिमीटरपर्यंत. नायलॉन, रेयॉन, पॉलिस्टर किंवा सुताचे. ते नुसते गोंदावर भुरभुरले तर आडवेतिडवे पडतात आणि पृष्ठभाग बनातीसारखा चपटा, मंद दिसतो. मखमल हवी असेल तर प्रत्येक धागा उभा राहायला हवा, आणि हजारो धागे हातानं उभे करणं कोणाच्या बापाला जमणार? ते काम वीज करते. धाग्यांच्या डब्यापाशी काही हजार ते लाखभर व्होल्टचा दाब दिला जातो, विद्युतप्रवाह मात्र अगदी किरकोळ असतो. ज्यावर लव बसवायची ती वस्तू अर्थिंगला जोडलेली असते. भारित धागे विद्युतक्षेत्राच्या रेषेत सरळ होतात आणि बाणासारखे जाऊन ओल्या गोंदात टोकावर रुततात. गोंदाची जागा भरली की उरलेले धागे परत फिरतात. हवा फार कोरडी असेल तर धागे नीट भारित होत नाहीत, फार दमट असेल तर त्यांचे गोळे होतात. म्हणून कारखान्यात आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास राखतात.

फुग्यावर हे करायला गेलं की पहिली अडचण येते. रबर विजेला वाट देत नाही, मग अर्थिंग जोडायचं कुठे? धातूच्या वस्तूला चिमटा लावला की झालं, फुग्यात धातू कुठून आणणार? इथे पाण्यात कालवलेला गोंद कामाला येतो. ओला असेपर्यंत तो स्वतःच थोडीफार वीज वाहून नेतो, म्हणून चिमटा गोंदाच्या थरालाच लावता येतो. शिवाय टोल्युइन किंवा पेट्रोलसारख्या द्रावकातला गोंद नैसर्गिक रबराला फुगवून मऊ पाडतो. ताणलेल्या फुग्यावर तो लावला तर फुगा फुटायचीच भीती. म्हणजे पाण्यातला गोंद दोन्ही कारणांनी बरा.

दुसरी अडचण रबराच्या स्वभावाची आहे. मायकेल फॅरडेनं १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी रबराचे फुगे केले. कच्च्या रबराच्या दोन चकत्या एकमेकींवर ठेवायच्या आणि कडा दाबायच्या, की जोड तयार. आतल्या बाजू मात्र एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यानं त्यांना पीठ चोळलं होतं. त्या रबराला काय चिकटेल हा प्रश्नच नव्हता, काय चिकटणार नाही एवढाच प्रश्न होता. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता देऊन रबर पक्कं करायची रीत सापडली आणि सगळं उलटं झालं. पक्क्या रबराला सहजासहजी काही चिकटत नाही. त्यातून साच्यावरून निघालेल्या फुग्यावर शंखजिऱ्याची पूड किंवा सिलिकोन असतंच. ते साबणानं धुऊन काढल्याशिवाय गोंद लावणं म्हणजे धुळीवर पोतेरं फिरवणं.

आता मुख्य गोष्ट, हिशेबाची. न फुगवलेल्या फुग्यावर नखाएवढ्या जागेत शंभर धागे बसवले असं धरा. फुग्याचा व्यास दुप्पट झाला की पृष्ठभाग चौपट होतो, म्हणजे त्याच जागेत उरले पंचवीस धागे. व्यास तिप्पट झाला की अकरा. साधा रबरी फुगा याहून बराच जास्त ताणतो. मखमल बघता बघता विरळ होत जाते आणि शेवटी नवजात बाळाच्या कपाळावरची लव तेवढी उरते. मधून गोंदाचा चकचकीत थर डोकावतो. तो गोंद रबराइतका ताणणारा नसेल तर त्याला भेगा पडतात, आणि त्या भेगांवर रबराचा ताण एकवटतो.

यावर उपाय म्हणून फुगा आधी हव्या त्या आकाराला फुगवून मगच लव बसवतात. मग हवा सोडली की धागे उलट दाटीवाटीनं उभे राहतात आणि फुगा सुरकुतलेल्या मखमलीच्या पोटलीसारखा दिसतो. पुन्हा फुगवला की जागेवर येतो, बहुतांशी. बहुतांशी अशासाठी, की नैसर्गिक रबर फार वेळ ताणलेलं राहिलं तर पूर्ण परत येत नाही, थोडं सैलावतंच. फुगा पुढच्या वेळी किंचित मोठा होतो आणि लव किंचित विरळ.

म्हणूनच बाजारात लव चिकटवलेलं हवेचं जे सामान दिसतं, ते बहुतेक रबराचं नसतंच. आपण त्याला रबरी म्हणतो, पण ते असतं विनाइल, म्हणजे मऊ केलेलं पीव्हीसी. ते घडी घालण्याइतकं लवचीक असतं, पण हवा भरल्यावर फारसं ताणत नाही. आकार कापून जोडतानाच ठरतो. त्यामुळे विनाइलच्या सपाट तावावर आधी लव बसवून, मग ताव कापून, कडा वितळवून जोडता येतात आणि हिशेब बिघडत नाही. कॅम्पिंगच्या गाद्यांची वरची बाजू अशीच असते. हवेचा संबंध नसलेलं ओळखीचं उदाहरण म्हणजे १९८५ साली जपानमध्ये सुरू झालेली सिल्व्हेनियन फॅमिलीजची चिमुकली प्राणी-बाहुली. त्यांची अंगं कडक असतात आणि त्यावरची मखमल ही चिकटवलेली लव असते. अंग ताणत नाही, म्हणून ती टिकते.

विनाइलचं दुखणं वेगळं. त्याला मऊ ठेवणारं तेलकट रसायन, प्लास्टिसायझर, हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतं आणि चुकीचा गोंद असेल तर त्याला आतून सैल करतं. या रसायनांपैकी काही थॅलेट लहान मुलांना घातक मानली जातात. युरोपीय संघानं आणि अमेरिकेनं खेळण्यांमध्ये त्यांच्यावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे.

खऱ्या रबरावर लव टिकलेली पाहायची असेल तर भांडी घासायचा रबरी हातमोजा उलटा करून पाहा. आत सुताची बारीक लव असते. हाताच्या आकाराचा साचा रबराच्या चिकात बुडवतात, वर चिकट थर देतात, त्यावर सुताची भुकटी उडवतात आणि भट्टीत पक्कं करतात. मोजा साच्यावरून सोलताना उलटा होतो आणि बाहेरची लव आत जाते. मोजा फुग्याइतका ताणत नाही, आणि गोंद रबराच्याच जातीचा असतो. दोन्ही गोष्टी जमल्या म्हणून लव राहिली.

प्लशचा प्रकार या सगळ्या भानगडीत पडतच नाही. तिथे लवेचा धागा गोंदात रुतवलेला नसतो, पाठीच्या कापडात विणून अडकवलेला असतो. लव कितीही लांब ठेवता येते, अगदी बोटभरसुद्धा. कापड हवा धरत नाही, म्हणून हवा आतला ब्लॅडर धरतो आणि आकार कापड धरतं, फुटबॉलसारखं. यात एक गोम आहे. ब्लॅडर अंगरख्यापेक्षा थोडा मोठा हवा, म्हणजे तो कापडाला टेकून थांबतो आणि ताण शिवणीवर येतो. लहान असेल तर सगळा ताण रबरावरच राहतो आणि अंगरखा सैल लोंबतो. नवखे लोक नेमकं उलटं करतात, फुगा मापाचा घेतात आणि अंगरखा ऐसपैस शिवतात.

आणखी एक, फुग्याला कानात जाता येत नाही. सशाचे कान अरुंद, फुगा गोल फुगणारा, तो कानाच्या तोंडाशीच अडतो. म्हणून प्लशच्या हवेच्या सशाच्या कानात बहुधा कापूस किंवा फायबर भरलेलं असतं, आणि पोट दाबलं की हवा, कान दाबले की कापूस असा दुहेरी स्पर्श लागतो. विनाइलच्या सशाचे कान चपटे, कडेकडेनं जोडलेले असतात. मला स्वतःला कापसाचे कानच आवडतात.

प्लश शिवताना कात्री कापडाच्या पाठीकडून चालवायची आणि तीही टोकानं, फक्त पाठ कापली जाईल इतकीच. वरून कापलं तर लवेचे केस अर्ध्यातून तुटतात आणि शिवणीवर पांढरी पट्टी दिसते. शिवून झाल्यावर सुईच्या टोकानं शिवणीत दबलेली लव बाहेर ओढली की शिवण नाहीशी होते. हे काम किचकट आहे आणि ते टाळलेलं लगेच ओळखू येतं.

घरी करून पाहायचं असेल तर प्लश निवडा. हौस म्हणून फ्लॉकिंग करायचंच असेल तर बंद खोलीत आणि मास्कशिवाय करू नका. नायलॉनच्या लवेच्या कारखान्यांतल्या कामगारांना फुप्फुसांचा एक विशिष्ट आजार होतो असं १९९० च्या दशकात उत्तर अमेरिकेत लक्षात आलं. त्याला ‘फ्लॉक वर्कर्स लंग’ असंच नाव पडलं. धागे कापताना सुटणारे अतिसूक्ष्म तुकडे श्वासातून खोल आत जातात. न फुगलेला किंवा फुटलेला रबरी फुगा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, तेव्हा अंगरख्याची चेन मुलाला उघडता येणार नाही अशीच ठेवावी.

हातातलं खेळणं कुठल्या जातीचं, हे ओळखायला भिंग असेल तर उत्तम, नसेल तर दोन बोटंही पुरतात. लव बाजूला सारून मुळाशी पाहा. विणीच्या बारीक ओळी दिसल्या तर प्लश. गुळगुळीत, किंचित चमकणारा तळ दिसला आणि प्रत्येक केस त्यातून सुटा उभा असेल तर फ्लॉकिंग. जुन्या खेळण्यात घडीची जागा पाहा, चिकटवलेल्या लवेला तिथे टक्कल पडलेलं असतं. पाणी शिंपडलं तर प्लश ते पिऊन जड होतं, विनाइलवरची लव वरवर भिजते आणि पुसली की लवकर वाळते.

गळती लागली तर प्लशचं सोपं. चेन उघडायची, ब्लॅडर बदलायचा, अंगरखा धुवायचा. चिकटवलेल्या लवेत आधी भोकच सापडत नाही. आणि सापडलं तर ठिगळापेक्षा बोटभर मोठी जागा पात्यानं खरवडून पूर्ण साफ करावी लागते, वरून पॉलिश पेपर, मग गोंद. माझ्या गादीचं दुसरं ठिगळ असं लावलं. ते अजून आहे, आणि त्याच्या भोवतीचं टक्कलही.