पिटस्टोनची लाकडी पवनचक्की : १६२७ या आकड्याची पार्श्वभूमी

पिटस्टोनची पवनचक्की इंग्लंडमधील बकिंगहॅमशर परगण्यात, आयव्हिंगो गावाजवळच्या मोकळ्या शेतात उभी आहे. साताऱ्याच्या पठारांमुळे आपल्याकडे 'पवनचक्की' हा शब्द वीज निर्माण करणाऱ्या मनोऱ्यांना चिकटला असला, तरी येथे तो मूळ अर्थाने, म्हणजे वाऱ्यावर धान्य दळणाऱ्या चक्कीसाठी वापरला आहे. ही चक्की खांबावरच्या प्रकारातली आहे. पाती, दात्यांची लाकडी चाके आणि दळणाच्या तळ्या (जात्याचे दगड) सामावणारी सगळी खोली एकाच जाडजूड खांबावर तोललेली असते. वारा फिरला की मागच्या बाजूच्या लांब दांड्याला रेटा देऊन चक्कीवाल्याला ती आख्खी खोली वाऱ्याकडे वळवावी लागे. इंग्लंडमधील वाऱ्यावरच्या चक्क्यांच्या नोंदी बाराव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतात. यॉर्कशरमधील वीडली येथील चक्कीच्या खंडाची नोंद ११८५ सालची आहे.

पिटस्टोनच्या सांगाड्यातील एका लाकडावर १६२७ हे साल कोरलेले आहे. ब्रिटनमधील कोणत्याही पवनचक्कीवर सापडलेले हे सर्वांत जुने साल मानले जाते, आणि तेवढ्यावरून ही चक्कीच सर्वांत जुनी असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते. या दोन विधानांतले अंतर नीट पाहिले पाहिजे. लाकडावर कोरलेले साल उभारणीचे असू शकते, मोठ्या दुरुस्तीचे असू शकते, किंवा दुसरीकडून आणलेल्या जुन्या लाकडावर आधीच असलेलेही असू शकते. त्यावरून त्या एका तुळईबद्दल काही कळते, संपूर्ण चक्कीबद्दल नव्हे. केंब्रिजशरमधील बॉर्न येथील चक्कीच्या बाबतीत पुरावा कागदाचा आहे: १६३६ मध्ये ती विकली गेल्याचा दस्त उपलब्ध आहे, म्हणजे त्या वर्षी ती उभी होती हे निश्चित, पण ती त्याआधी किती वर्षे उभी होती ते त्या दस्तावरून ठरत नाही. एकीकडे कोरीव साल आणि दुसरीकडे विक्रीचा दस्त, अशा दोन वेगळ्या जातींच्या पुराव्यांमधून नऊ वर्षांचा फरक काढून थोरला-धाकटा ठरवणे मला मुळातच चुकीचे वाटते. शिवाय लाकडी चक्कीचे भाग सतत बदलले जातात. पाती वादळात मोडतात, चाकांचे दाते झिजतात, तळ्यांना पुन्हा पुन्हा टाकी लावून शेवटी त्या पातळ होतात. पिटस्टोनच्या चक्कीचा पाया झाकणारा विटांचा गोल भागही वरच्या लाकडी खोलीपेक्षा नंतरचा आहे.

एकोणिसाव्या शतकात मालकी झपाट्याने बदलली. १८४२ मध्ये चक्की विकली गेली, १८७४ मध्ये ती जवळच्या ॲशरिज इस्टेटीचे मालक अर्ल ब्राउनलो यांनी घेतली आणि पुढे त्यांच्याकडून एका स्थानिक शेतकऱ्याने ती भाड्याने घेऊन दळणाचा धंदा चांगला चालवला. याच काळात दगडांऐवजी पोलादी रोलरांनी दळणाऱ्या वाफेवरच्या गिरण्या आणि परदेशातून बंदरांत उतरणारा गहू यांमुळे गावोगावच्या चक्क्यांचे उत्पन्न आटत होते. १९०२ मधील प्रचंड वादळात पिटस्टोनच्या चक्कीची एवढी मोडतोड झाली की दुरुस्तीचा खर्च दळणातून कधीच निघाला नसता, आणि चक्की बंद पडली.

१९२०च्या दशकात शेजारच्या जमिनीच्या मालकाने तिचे अवशेष विकत घेतले आणि १९३७ मध्ये वारसास्थळे सांभाळणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेला दान केले. मात्र दान झाल्यानंतरही सुमारे पाव शतक ती मोडक्या अवस्थेतच राहिली. या वास्तूबद्दल बोलताना १६२७ चा उच्चार पहिल्याच वाक्यात होतो, पण १९६३ चा होत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. कारण त्या वर्षी काही स्वयंसेवकांनी स्वतःच्या खर्चाने दुरुस्तीला हात घातला. नुसता सांगाडा सावरून ठेवणे सोपे होते आणि जुन्या लाकडाचा पुरावा न बिघडवण्याच्या दृष्टीने ते समर्थनीयही ठरले असते. त्यांनी चक्की पुन्हा दळती करण्याचे ठरवले, म्हणजे मोडलेल्या भागांच्या जागी नवे भाग बसवणे ओघाने आले. १९७० मध्ये, ६८ वर्षांच्या खंडानंतर, पिटस्टोनच्या तळ्यांमधून पुन्हा पीठ पडले.