आधी कागद, मग पेन: रोज लिहिणाऱ्या व रेखाटणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आम्ही पुण्यात हाताने वह्या शिवतो आणि त्यांच्या जोडीला शाईची पेने, पेन्सिली व शाया विकतो. दुकानात येणारे ग्राहक बहुधा आधी पेन निवडतात, त्यावर मनापासून वेळ घालवतात आणि वही मात्र जाता जाता उचलतात. हा क्रम उलट असावा, असे आमचे ठाम मत आहे. तेच पेन एका कागदावर सुरेख चालते आणि दुसऱ्यावर खरखरते, त्याची शाई फुटते किंवा मागच्या बाजूला उमटते. अशा वेळी दोष पेनाला दिला जातो, पण तो पुष्कळदा कागदाचा असतो. म्हणून आपण काय लिहिणार आहात हे आधी ठरवावे, त्याला साजेसा कागद घ्यावा आणि मग त्या कागदाला मानवेल असे पेन किंवा पेन्सिल निवडावी.

कागद कसा पारखावा

वहीवर छापलेला जीएसएमचा आकडा म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन होय. ए४ आकाराचा कागद हा चौरस मीटरचा सोळावा भाग असल्याने ८० जीएसएमचा असा एक कागद ५ ग्रॅम भरतो. शाळेच्या नेहमीच्या वह्यांचा कागद साधारण ५४ ते ६० जीएसएमचा असतो आणि बॉलपेन व पेन्सिल यांना तो पुरतो. शाईच्या पेनासाठी आम्ही ८० च्या खालचा कागद सहसा सुचवत नाही, आणि जलरंगाचा हात फिरवायचा असेल तर २०० च्या पुढे जावे लागते.

तरीही केवळ वजनावर विसंबू नये. कागद तयार होताना त्याला खळ दिली जाते; तिच्यामुळे तंतू शाई चटकन शोषून घेत नाहीत आणि रेघेच्या कडा स्वच्छ राहतात. खळ कमी पडलेला जाड कागदही शाई फोडतो, तर नीट खळ दिलेला पातळ कागद ती उत्तम पेलतो. याची परीक्षा सोपी आहे: आपल्या नेहमीच्या पेनाने कागदावर एक सावकाश आडवी रेघ ओढावी, तिच्या शेवटी पेन क्षणभर टेकवून धरावे, आणि रेघेच्या कडांना केसासारखे फाटे फुटतात का व मागे ठिपका उमटतो का, हे पाहावे. आमच्याकडे प्रत्येक कागदाचे सुटे नमुने ठेवलेले आहेत. आपले स्वतःचे पेन घेऊन यावे आणि निःसंकोच लिहून पाहावे.

हातकागदाविषयी वरचेवर विचारणा होते. जुन्नर आणि दौलताबादजवळचा कागजीपुरा ही महाराष्ट्रातील हातकागदाची जुनी ठिकाणे, आणि पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासूनची. पूर्वी बोरूने लिहिण्यासाठी हा कागद खळ देऊन घोटून गुळगुळीत केला जात असे. आज बाजारात मिळणारा बहुतेक हातकागद घोटलेला नसतो, त्यामुळे त्यावर बारीक निब अडखळते व शाई पसरते. मऊ पेन्सिल, कोळसा आणि वहीचे वेष्टन यांसाठी तो अतिशय देखणा असला, तरी रोजनिशीसाठी आम्ही तो सुचवत नाही.

देवनागरी लिहिणाऱ्याने दोन रेघांमधील अंतराकडेही लक्ष द्यावे. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरे यांसाठी जागा लागते, म्हणून सहा मिलिमीटरच्या दाट रेघांमध्ये मराठी मजकूर गुदमरतो. आमच्या रेघी वह्यांमध्ये हे अंतर आठ मिलिमीटर ठेवले आहे, ते याच कारणाने. चौकटी वही गणितापुरती नसते: गाणे शिकणारे आमचे अनेक ग्राहक एका चौकटीला एक मात्रा धरून बंदिशींचे स्वरलेखन करतात, आणि तीनतालाच्या सोळा मात्रा एका ओळीत बसाव्यात म्हणून आम्ही आडवी वही शिवून देतो. ठिपक्यांच्या वहीत रांगोळ्या उतरवून ठेवणाऱ्या भगिनीही बऱ्याच आहेत; त्यांना कागदापेक्षा ठिपक्यांचे समान अंतर महत्त्वाचे असते, आणि ते आम्ही काटेकोरपणे सांभाळतो.

शिलाई आणि पावसाळा

तारेच्या पिनांनी जोडलेली वही स्वस्त असते, परंतु कोकणाच्या व गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत पिना गंजतात आणि मधल्या पानांवर तपकिरी डाग पडतात. नुसत्या डिंकाने चिकटवलेली वही पूर्ण उघडत नाही आणि ती जोर लावून उघडली की पाने सुटतात. आम्ही कागद दुमडून त्याच्या जुड्या करतो व त्या दोऱ्याने शिवतो, त्यामुळे वही टेबलावर सपाट पडते आणि डाव्या पानावरही शिवणीपर्यंत लिहिता येते. कागद कापताना त्यातील तंतूंची दिशा वहीच्या पाठीला समांतर राहील अशी काळजी घेतली जाते. ती आडवी गेली तर पाने ताठर उलटतात आणि हवेतील ओलाव्याने पाठीजवळ लाटा उठतात.

नवी वही मधूनच उघडून दाबू नये. तिची पाठ टेबलावर टेकवून आधी दोन्ही पुठ्ठे खाली सोडावेत, मग पुढून थोडी व मागून थोडी पाने घेऊन शिवणीशी बोटाने हलके दाबत मध्यापर्यंत यावे. एवढे केल्याने शिलाईवर सर्व बाजूंनी सारखा ताण येतो.

जून ते सप्टेंबर या काळात कागद सादळतो, आणि एरवी निर्दोष वाटणाऱ्या कागदावरही शाई थोडी फुटू लागते. त्या दिवसांत बारीक निब वापरावी, वह्या बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नयेत आणि कसर लागू नये म्हणून कपाटात पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा. सादळलेली वही उन्हात टाकू नये, पुठ्ठा वाकतो. पंख्याखाली ती उभी उघडून ठेवणे पुरे.

पेन्सिलीविषयी

पेन्सिलीच्या गाभ्यात शिसे हा धातू नसतो, ग्राफाइट व चिकणमाती असते, हे लहान मुलांच्या पालकांनी निश्चिंतपणे लक्षात घ्यावे. फ्रान्स व ब्रिटन यांच्यातील युद्धामुळे इंग्लंडमधील उत्तम ग्राफाइट मिळेनासे झाले, तेव्हा निकोला-जाक काँते यांनी ग्राफाइटची भुकटी चिकणमातीत मळून भाजण्याची पद्धत शोधली आणि १७९५ मध्ये तिचे पेटंट घेतले. मातीचे प्रमाण वाढवले की गाभा कठीण व रेघ फिकट होते, आणि कमी केले की गाभा मऊ व रेघ काळी होते. एच (कठीण, फिकट) व बी (मऊ, काळी) या श्रेणी तेच दर्शवतात. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी भूमितीसाठी एच किंवा २एच, वस्तुचित्रासाठी एचबी, २बी व ४बी ठेवाव्यात. याहून मोठा संच विकत घेण्याची शालेय वयात आवश्यकता नाही, आणि तसे आम्ही काउंटरवरही सांगतो.

टोक वारंवार तुटत असेल तर आधी शार्पनरचे पाते बोथट झाले आहे का हे पाहावे. पेन्सिल उंचावरून फरशीवर पडली की गाभा आतल्या आत अनेक ठिकाणी तुटतो आणि मग कितीही चांगल्या पात्याने टोक टिकत नाही. आपल्या देशातील पेन्सिलींचे लाकूड मोठ्या प्रमाणात काश्मीरमधील पुलवामा जिल्ह्यातून, तेथील पॉपलर वृक्षांपासून येते. एवढ्या लांबून आलेली वस्तू शेवटच्या दोन इंचांपर्यंत वापरली जावी, असे आम्हाला मनापासून वाटते. त्यासाठी तुकडा धरणारी धातूची नळी आमच्याकडे मिळते.

स्वयंपाकघरात पाककृती लिहून ठेवणाऱ्यांनी पेन्सिलच वापरावी. पाण्याच्या थेंबाने ती विरघळत नाही, आणि मिठाचे प्रमाण बदलायचे झाले तर खोडताही येते.

शाईची पेने

देवनागरी लिहिताना शिरोरेघेसाठी, मात्रांसाठी व अनुस्वारांसाठी पेन पुन्हा पुन्हा उचलावे लागते, म्हणून टेकताक्षणी लिहू लागणारे पेन आपल्या लिपीला सोयीचे पडते. शाईचे पेन हे काम दाब न देता करते आणि दीर्घ लेखनात बोटे दुखत नाहीत. बारीक अक्षर असणाऱ्यांनी फाइन निब घ्यावी, कारण जाड निबेने ‘क्ष’ किंवा ‘ष्ट’ यांची पोकळी भरून जाते. बोरूच्या वळणाची जाडबारीक रेघ हवी असेल तर तिरकी कापलेली निब आहे, मात्र तिच्यासाठी अक्षर मोठे काढावे लागते व पेनाचा कोन न बदलण्याचा सराव करावा लागतो.

पेनात शाईच्या पेनासाठी बनवलेलीच शाई भरावी. चित्रकलेची जलरोधक काळी शाई त्यात चुकूनही भरू नये. ती आत वाळून नलिका कायमची बंद करते. महाराष्ट्रात शाईनिर्मितीची परंपरा जुनी आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुडीपासून जो उद्योग सुरू केला, तोच पुढे कॅम्लिन या नावाने घराघरांत पोचला. नेहमीच्या वापरातील निळ्या शाया पाण्याने ओघळतात व उजेडात फिकट होतात, म्हणून जपून ठेवायच्या लेखनासाठी रंगद्रव्ययुक्त टिकाऊ शाई मागावी. ती भरलेले पेन मात्र आठवडाभर पडून राहू देऊ नये.

महिन्यातून एकदा आणि शाई बदलताना दर वेळी पेन साध्या थंड पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत धुवावे. गरम पाणी किंवा स्पिरिट वापरू नये. शाई वाळून बसली असेल तर निबेचा भाग रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा. कागदपत्रांवर, कार्बन प्रतींवर आणि बँकेच्या पावत्यांवर बॉलपेनच योग्य, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

कोरी राहणारी वही

सुंदर वही घरी नेऊन ती कोरीच ठेवणारे ग्राहक आम्हाला नेहमी भेटतात. एवढ्या चांगल्या वहीत काय लिहावे, असा प्रश्न ते विचारतात. बसमध्ये सुचलेली ओळ, वाण्याची यादी, समोर बसलेल्या माणसाच्या हाताचे रेखाटन, आईने सांगितलेली ओवी, हे सारे एकाच वहीत असावे, अशीच ती शिवलेली आहे. पहिल्या पानाचे दडपण वाटू नये म्हणून आमच्या प्रत्येक वहीत सुरुवातीची दोन पाने अनुक्रमणिकेसाठी आखलेली असतात. लेखन तिसऱ्या पानापासून सुरू करावे.

मागणीनुसार आम्ही एक वहीदेखील शिवून देतो. कागद, आकार, रेघा आणि पुठ्ठ्याचे कापड आपण निवडावे. नाव घालायचे असल्यास ते देवनागरीत स्वच्छ लिहून द्यावे. जुन्या वह्यांची व रोजनिश्यांची पुनर्बांधणीही केली जाते, परंतु पाने ठिसूळ झाली असतील तर काम घेण्यापूर्वी आम्ही तसे स्पष्ट सांगतो. आमच्या वहीची शिलाई उसवल्यास ती परत आणावी. ती लिहिलेली असली तरी चालते. आम्ही ती आपल्यासमोर शिवून लगेच परत करू आणि त्याचे पैसे घेणार नाही.