कॅलिफोर्नियात एमडी आणि कायरोप्रॅक्टर मिळून क्लिनिक काढताय? फिफ्टी-फिफ्टी विसरा

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या लाइनीत एका ओळखीच्या डॉक्टरने विचारलं, मी आणि माझा कायरोप्रॅक्टर (हाताने मणके-सांधे बसवणारा) मित्र मिळून क्लिनिक काढतोय, अर्धं-अर्धं, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची साधी कंपनी) करून टाकू ना? म्हटलं आधी ताट खाली ठेव, दोन्ही चुकतंय. मी इथल्या क्लिनिकांचे हिशोब बघते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते.

एलएलसी बाद, कारण कॅलिफोर्नियात डॉक्टरकी एलएलसीतून करता येत नाही. प्रोफेशनल कॉर्पोरेशन, म्हणजे लायसन्सवाल्या व्यावसायिकांची कंपनी लागते, १९६८ च्या मॉस्कोनी-नॉक्स कायद्याखालची. त्याच कायद्यात मेडिकल कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या अशा कंपनीत, आणखी कोण शेअर घेऊ शकतं त्याची यादी आहे आणि त्यात कायरोप्रॅक्टर आहेत. पण अटी दोन, आणि दुसरी लोक वाचतच नाहीत. एक, एमडी (म्हणजे डॉक्टर) नसलेल्या सगळ्यांचे शेअर मिळून ४९ टक्क्यांच्या वर नकोत. दोन, त्यांची डोकी डॉक्टरांच्या डोक्यांपेक्षा जास्त नकोत. म्हणजे १ एमडी आणि २ कायरोप्रॅक्टर असं चालत नाही, मग त्या एमडीकडे ८० टक्के असले तरी. आणि बायको किंवा भाऊ लायसन्सवाले नसतील तर त्यांना शेअर नाहीच. दोघंच असाल तर दोघंच डायरेक्टर, आणि प्रेसिडेंट, सेक्रेटरी, ट्रेझरर ही पदं पण तुमच्यातच वाटायची, "सेक्रेटरी मिसेसना करू" हे नको.

अर्ज तसा सोपा आहे हो. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (राज्याच्या कंपनी नोंदणी खात्याच्या) बिझफाइल साइटवर प्रोफेशनल कॉर्पोरेशनचे आर्टिकल्स (स्थापनेचे कागद) भरायचे, फी १०० डॉलर, मग ९० दिवसांत स्टेटमेंट ऑफ इन्फर्मेशन (पत्ता, पदाधिकारी वगैरे माहिती), २५ डॉलर, ते पुढे दरवर्षी. ईआयएन, म्हणजे कंपनीचा टॅक्स नंबर, आयआरएसच्या (टॅक्स खात्याच्या) साइटवर फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. नाव मात्र अडकवतं. डॉक्टरचं स्वतःचं नाव सोडून काही "स्पाइन अँड वेलनेस" छाप ठेवायचं असेल तर मेडिकल बोर्डाचं फिक्टिशस नेम परमिट (वेगळ्या नावाचा परवाना) लागतं, ते हातात यायच्या आधी पाटी रंगवून घेऊ नका, आणि दर २ वर्षांनी ते रिन्यू करायचं असतं. क्लिनिकचा वेगळा एनपीआय (बिलांसाठीचा ओळख) नंबर घ्यायचा, मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) घेणार असाल तर नोंदणीचा ८५५बी फॉर्म. मेडिकेअर कायरोप्रॅक्टरला फक्त हाताने मणका बसवण्याचे पैसे देतं, त्याने सांगितलेल्या एक्सरेचे नाही, तेव्हा कमाईचा अंदाज बांधताना हे धरा.

बाकी कागद कुठे जमा करायचे नसतात पण फाइलीत हवेतच: दोघांच्या चालू लायसन्सच्या कॉपी, बायलॉज (कंपनीचे अंतर्गत नियम), शेअर सर्टिफिकेट, शेअरचं रजिस्टर, मीटिंगची मिनिट्स, आणि दोघांतला करार. करारात हे नक्की लिहा की एकाचं लायसन्स गेलं तर त्याचे शेअर ९० दिवसांत आणि एक जण वारला तर ६ महिन्यांत लायसन्सवाल्याकडे किंवा कॉर्पोरेशनकडे परत गेले पाहिजेत. किंमत कशी ठरवायची तेही आत्ताच लिहा, तेव्हा वारस आणि पार्टनर समोरासमोर बसून ठरवतील असं समजू नका.

आता खरी मेख. ५१-४९ लिहिलं म्हणजे झालं असं नाही, लगाम कुणाच्या हातात आहे ते बघतात. न्यू जर्सीत नॉर्थफिल्ड मेडिकल सेंटरची केस झाली, सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१७ चा. तिथे कागदावर डॉक्टर मालक, पण त्याच्याकडून तारीख न टाकलेला राजीनामा आधीच सही करून ठेवलेला, म्हणजे कायरोप्रॅक्टरला वाटेल त्या दिवशी तारीख टाकून डॉक्टर बाहेर. कोर्टाने ती फसवणूक धरली, आणि ही योजना बनवून देणारा वकील पण सुटला नाही. न्यूयॉर्कमध्ये तर डॉक्टरच्या कॉर्पोरेशनमध्ये कायरोप्रॅक्टरला शेअरच मिळत नाही, आणि २००५ च्या मालेला निकालापासून खोट्या मालकीचं क्लिनिक असेल तर नो-फॉल्ट इन्शुरन्सवाले (चूक कुणाचीही असो, गाडीच्या अपघातातल्या उपचाराचे पैसे देणारे) बिल नाकारू शकतात. तेव्हा न्यूयॉर्कच्या मित्राचा करार कॉपी करून इथे चिकटवू नका, आणि इथला तिकडे तर अजिबातच नको.

आणि हो, पेशंट पाठवल्याबद्दल "डोक्यामागे इतके डॉलर" असं काही ठरवायचं नाही, कॅलिफोर्नियात तो सरळ गुन्हा आहे. नफा शेअरप्रमाणे वाटा.

आमचे ते दोघं शेवटी ५१-४९ वर आले. चेकवर सही कोण करणार ह्यावर अजून अडलंय, आणि माझं म्हणणं आहे की ते मिटेपर्यंत जागेचं लीज साइन करू नये.