कालवा आला, पण वाळूखाली काय होतं? थारच्या मातीची पार्श्वभूमी

घडसाना, रावला, अनूपगढ ही नावं अधूनमधून बातम्यांत येतात, राजस्थानातल्या मोठ्या कालव्याच्या, म्हणजे इंदिरा गांधी नहरच्या पाण्यासाठी तिथले शेतकरी रस्त्यावर उतरतात तेव्हा. आपल्याकडे वाचणाऱ्याला वाटतं, वाळवंटच आहे, पाणी कमी पडणारच. पण त्याच कालव्याच्या वरच्या बाजूला, हनुमानगढ जिल्ह्यात रावतसर, बडोपलच्या आसपास अशीही जमीन आहे जी पाण्याखाली आणि मिठाखाली गेलीय, गावांच्या भिंतींना ओल आलीय, विहिरी काठोकाठ भरल्यात आणि पीक मात्र शून्य. तिकडे याला 'सेम' म्हणतात. एकाच कालव्यावर एक गाव तहानलेलं आणि एक गाव दलदलीत, हे फक्त राजकारणाने समजत नाही, त्यासाठी तिथली माती बघावी लागते.

थार कसं बनलं हे शाळेत झालेलंच आहे म्हणून थोडक्यात. अरवली नैऋत्य-ईशान्य अशी पसरलीय, अरबी समुद्राकडून येणारे ढग तिला समांतर निघून जातात, आणि मान्सून इथे सगळ्यात शेवटी पोचून सगळ्यात आधी माघारी फिरतो. अरवलीच्या पायथ्याशी ४००-५०० मिमी पाऊस, जैसलमेरच्या पश्चिमेला १००-१५० मिमी. उलट उन्हाने वर्षाला दीड ते दोन हजार मिमी पाणी उडून जाऊ शकतं, म्हणजे जमिनीतून पाणी खाली जाण्यापेक्षा वर खेचलं जाण्याकडेच सगळा कल. फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदले गेले, आणि याच पट्ट्यातल्या चूरूला हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास उतरतो. वाळूच्या टेकड्या (तिकडे धोरे किंवा टीबे म्हणतात) उन्हाळी नैऋत्य वाऱ्यांनी घडवल्यात, त्यातल्या कितीतरी हजारो वर्षं जुन्या आणि आता झुडपांनी धरून ठेवलेल्या आहेत. आणि मध्येच घग्गरचं कोरडं पात्र, जिथे नदीचा बारीक गाळ आहे, आणि तिथेच कालीबंगाला साधारण इ.स.पू. २८०० च्या सुमाराचं नांगरलेलं शेत सापडलं. शेती तिथे नवी नाही, नवीन आहे ते बारमाही पाणी.

आता माती. टेकडीची वाळू आणि टेकड्यांमधल्या सपाट जमिनीची माती या एक नाहीत. टेकडीवर नुसती बारीक वाळू, थर वगैरे काही तयारच झालेला नाही, म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरणात ती एंटिसॉलमध्ये जाते. सपाटीवर मात्र जरा जुनी माती, तिच्यात खाली चुनखडीचे गोटे जमलेले, काही ठिकाणी जिप्सम, ती खरी अ‍ॅरिडिसॉल, म्हणजे कोरड्या प्रदेशाची माती. दोन्हींमध्ये सेंद्रिय कर्ब फारच कमी, ०.१-०.२ टक्क्यांच्या आसपास, नत्र कमी, सामू ८ च्या वर, वाळूचं प्रमाण कित्येक ठिकाणी ८५-९० टक्के. पाऊस पडला की सरसर आत जातो आणि वरची माती दोन-चार दिवसांत परत कोरडी. आपल्या काळ्या मातीच्या अगदी उलट, ती पाणी धरून बसते आणि भेगाळते, ही धरतच नाही.

पण एक गोष्ट सुटते ती ही की पाऊस इतका कमी असल्यामुळे चुना आणि जिप्सम धुऊन पार खाली जात नाहीत. पाणी जिथवर मुरतं तिथवर जाऊन अडकतात, सुकतात, परत पावसात थोडे विरघळतात, परत सुकतात, आणि हजारो वर्षांत त्याचा दगडासारखा पट्टा बनतो. कुठे हातभर खोल, कुठे कित्येक मीटर खोल, कुठे त्याच्या जोडीला जुन्या नद्यांची चिकणमाती. वर चाळणी आणि खाली फरशी अशी ही जमीन आहे, आणि पुढचं सगळं याच्यावरच फिरतं.

जुन्या लोकांना हे बरोबर ठाऊक होतं. जैसलमेरकडची खडीन पद्धत साधारण पंधराव्या शतकापासूनची, खडकाळ उतारावरचं पाणी आडव्या बांधाने सखल जागी अडवायचं, ते मुरू द्यायचं आणि त्याच ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. बेरी नावाच्या अरुंद विहिरी तर त्या फरशीच्या भरवशावरच असतात, जिप्समचा पट्टा पाणी खाली जाऊ देत नाही म्हणून वाळूत गोडं पाणी साठतं आणि लोक ते झिरपून येईल तेवढं काढतात. म्हणजे खालचा पट्टा शत्रू नव्हता, पाणी थोडं असेल तर तो मित्रच होता. बाकी जमिनीवर बाजरी, मोठ (मटकी), गवार, मधेमधे खेजडी, आणि दोन-तीन वर्षं पडीक.

मग कालवे. १९२७ ला बिकानेर संस्थानात सतलजचं पाणी गंगनहरने आलं आणि गंगानगरचा भाग हिरवा झाला. त्या यशाने सगळ्यांना वाटलं की वाळवंटात पाणी आणलं की झालं. पण गंगनहरचा बराच भाग सपाट आणि गाळाच्या मातीचा, टेकड्या कमी, हे त्या कौतुकात मागे पडलं. १९५८ च्या मार्चमध्ये मोठ्या कालव्याची कोनशिला बसली, १९६० च्या सिंधू पाणी कराराने पूर्वेकडच्या तीन नद्यांचं पाणी भारताकडे आलं, १९६१ ला पहिलं पाणी सुटलं. पंजाबात हरिकेपासून २०४ किमी फीडर आणि मग ४४५ किमी मुख्य कालवा, जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढपर्यंत, तिथे पाणी पोचायला १९८७ उजाडलं. २५ बिघ्यांचे चौकोनी मुरब्बे आखले, चक (एका मोरीवर भिजणारे मुरब्ब्यांचे गट) पाडले, आणि पोंग धरणात घरं गेलेल्या हिमाचलच्या डोंगरी माणसांनाही इथेच वाळूत जमिनी दिल्या. डोंगरात पिढ्या काढलेल्या माणसाने टिब्यावर काय करायचं, हा प्रश्न तेव्हा कोणी नीट विचारला नाही असं मला वाटतं.

सगळा वाद जिथे अडकतो ती गोष्ट म्हणजे पाण्याचा आकडा. कालवा दोन टप्प्यांत झाला, त्यातल्या पहिल्या टप्प्यात हजार एकराला ५.२३ क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट पाणी) असं प्रमाण ठरलं. हा आकडा तिथल्या शेतकऱ्याला पाढ्यासारखा पाठ असतो. त्यामागचा हिशोब वरवर पाहिला तर चूक नाही, वाळूत पाणी जास्त मुरतं, खाळ्यात (शेतापर्यंतच्या चारीत) वाया जातं, मग जास्त सोडा. पण मुरलेलं पाणी जातं कुठे, हे वरचा दीड-दोन मीटर बघून कळत नाही आणि मातीची नेहमीची पाहणी असते तेवढीच. पाणी आणायची व्यवस्था पूर्ण केली आणि काढून न्यायची, म्हणजे निचऱ्याच्या चरांची, मागे ठेवली. त्यात पहिल्या वर्षांत जमीन कमी वसलेली आणि पाणी भरपूर, मग लोकांनी मोकाट दिलं, भात-कापूस लावला. वर घग्गरच्या पुराचं पाणी टेकड्यांमधल्या खोलगट जागांत वळवून सोडायला साठच्या दशकात सुरुवात झालेली, त्याची भर. भूजल दरवर्षी साधारण मीटरभर वर यायला लागलं. ४०-५० मीटर खोल असलेलं पाणी एका पिढीत पृष्ठभागाजवळ. दोन मीटरच्या आत आलं की पुढचं काम ऊन करतं, केशाकर्षणाने पाणी वर चढतं, उडून जातं, मीठ वर राहतं. आपल्याकडे निरेच्या कालव्याखाली आणि सांगली-कोल्हापुरात उसाच्या जमिनी चोपण-खारपड झाल्या तोच प्रकार, फक्त इथे खालच्या फरशीमुळे वेग जास्त.

मग दुसऱ्या टप्प्यासाठी प्रमाण ३ क्युसेकवर आणलं आणि पहिल्या टप्प्यातलं ५.२३सुद्धा कापायची भाषा सुरू झाली. २००४ ला घडसाना-रावल्यात याच्यावरून आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी गेले. कापणारे सांगत होते की जास्त पाण्याने सेम होते, आणि ते खरंच आहे. पण ज्याला आकड्याच्या भरवशावर मुरब्बा दिला, ज्याने कर्ज काढून टिबे सपाट केले, त्याच्यावर चाळीस वर्षांनी मातीशास्त्र लादायचं, आणि वाचवलेलं पाणी पुढे नवीन जमिनीसाठी न्यायचं, हे न्यायाचं नव्हतं. शिवाय ती नवीन जमीन जास्त वाईट. दुसऱ्या टप्प्यात टेकड्या उंच, कित्येक भाग लिफ्टने पाणी चढवूनच भिजणार, आणि कठीण पट्टा बऱ्याच ठिकाणी दहा मीटरच्या आतच. सत्तरच्या दशकापासूनच तज्ज्ञ म्हणत होते की कालवा पहिल्या टप्प्याशी थांबवा आणि पुढे फक्त पिण्याचं पाणी आणि कुरणं करा. ऐकलं गेलं नाही. पिण्याच्या पाण्याबद्दल मात्र तक्रार नाही, जोधपूर, बिकानेर, जैसलमेर आज त्यावर जगतात आणि ते व्हायलाच हवं होतं.

खालची फरशी काय करू शकते ते कालव्याशिवायही एकदा दिसलं. २००६ च्या ऑगस्टमध्ये बाडमेर जिल्ह्यात काही दिवसांतच एवढा पाऊस झाला की वर्षाची साधारण २८० मिमीची सरासरी कुठल्या कुठे मागे पडली, आणि कवास, मलवा ही गावं बुडाली. शंभरच्या वर माणसं गेली. वाळवंट आहे, मुरेल पाणी, असं वाटणाऱ्यांना धक्का बसला कारण पाणी महिनोन्‌महिने तसंच उभं, खाली जिप्सम आणि चिकणमाती. आणि हाच जिप्सम राजस्थानातल्या खाणींतून काढून पंजाब-हरियाणाच्या चोपण जमिनी सुधारायला नेतात, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं म्हणून. पण तिथेही निचरा नसेल तर सुटलेलं सोडियम जाणार कुठे?

नंतर थोडं शहाणपण आलं. कालव्याच्या कडेने निलगिरी लावली की मुळं पाणी ओढतील, काही ठिकाणी फरक पडला. डिग्ग्या, म्हणजे शेतातली पक्की तळी, आल्या, पाळीचं पाणी साठवून तुषार संचाने द्यायचं. जालोरकडे २००८ ला नर्मदेचं पाणी पोचलं तेव्हा तिथे सुरुवातीपासूनच तुषार आणि ठिबक सक्तीचं केलं, पाटाने पाणी द्यायला परवानगीच नाही. वाळू तीच, ऊन तेच, नियम वेगळा. हा नियम १९६१ ला अशक्य होता कारण तेव्हा आपल्याकडे तसं तंत्रच सर्रास नव्हतं, हे मान्य. पण दुसरा टप्पा ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढवताना तुषार होता, सेमही डोळ्यासमोर होती, आणि खोल बोअर घेऊन पट्टा कुठे आहे याचे नकाशे करता आले असते. आता नवीन चक वाटताना आणि भडल्यासारखे सौर प्रकल्प पसरताना किमान हे नकाशे ग्रामपंचायतीत लावून ठेवायला हवेत, म्हणजे जमीन घेणाऱ्याला आपल्या मुरब्ब्याखाली किती मीटरवर फरशी आहे ते पाणी सोडण्याआधी कळेल.